घटक चाचणीपूर्वीच्या चार संध्याकाळी

आपल्या व्यापारी घरांत गणिताविषयी एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो असा की, हिशेब आपल्या रक्तातच असतो. गल्ल्यावर बसलेल्या आजोबांनी कागदाला पेन्सिल न लावता सात-आठ रकमांची बेरीज सांगावी आणि समोरच्या गिऱ्हाइकाने ती बोटांवर पडताळून पाहीपर्यंत सुटे पैसेही परत करावेत, हे पाहतच आपण वाढलो. त्यामुळे घरातल्या मुलाला शाळेत गणितात कमी गुण पडले की आई-वडिलांना काळजीपेक्षा नवल अधिक वाटते आणि नवलापेक्षा लाज अधिक. ‘व्यापाऱ्याच्या घरात हिशेब कच्चा?’ हे वाक्य मग जेवताना, दुकानात, पाहुण्यांपुढे, कुठेही उच्चारले जाते. बोलणाऱ्याला ती थट्टा वाटते. ऐकणारे मूल मात्र बारा वर्षांचे असते.

माझ्या वडिलांची बार्शीला भुसार मालाची आडत होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे पाढे त्यांना मुखोद्गत होते. साडेतीन रुपये भावाने चौदा नग म्हणजे एकोणपन्नास, हे सांगायला त्यांना क्षणाचाही विलंब लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले. माझा जन्म त्यानंतरचा. तरीही वडिलांनी माझ्याकडून औटकीपर्यंतचे पाढे पाठ करून घेतलेच. पुढे मी एम.कॉम. होऊन बँकेत गेलो, आडत धाकट्या भावाने चालवली आणि माझ्या चिरंजीवांनी कापडाचे दुकान काढले. म्हणजे आकड्यांशी आमच्या घराचा संबंध तीन पिढ्यांचा आहे. पण इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की, दुकानातला हिशेब आणि शाळेतले गणित हे एकाच कुळातले असले, तरी त्यांची घरे वेगवेगळी आहेत. दुकानात उत्तर बरोबर आले की काम संपते. शाळा विचारते, ते कसे आले आणि का आले. आमच्या वडिलांना दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का होतो, हे कोणी विचारले असते तर ते नुसते हसले असते.

हे सारे आठवण्याचे कारण माझी नात. ती मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकते. वर्षाच्या पहिल्या घटक चाचणीत तिला वीसपैकी आठ गुण मिळाले. गुण कमी पडले याचे मला फारसे वाटले नाही. घटक चाचणी असते कशासाठी? वार्षिक परीक्षेपूर्वी कुठे काय सैल आहे ते कळावे म्हणूनच. मला काळजी वाटली ती तिच्या एका वाक्याची. सुनेने तिला दुसऱ्या चाचणीच्या अभ्यासाला बसवले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “आई, मला गणित येतच नाही. उगाच कशाला?” तिच्या आवाजात रडू नव्हते, हट्टही नव्हता. एखाद्याने आपली उंची सांगावी तसे ते तिने सांगितले. एखादे उदाहरण चुकणे निराळे आणि ‘मी अशीच आहे’ असे मनाशी ठरवून टाकणे निराळे. आणि येथे आपल्या घरांतली एक रीत बोलून दाखवतो. मुलगा गणितात मागे पडला तर दुसऱ्याच दिवशी शिकवणी लावली जाते; मुलगी मागे पडली तर ‘चालायचेच, तिला कुठे गल्ल्यावर बसायचे आहे’ असे म्हणून विषय मिटवला जातो. आज कित्येक घरांत सुनाच संगणकावर जीएसटीची विवरणपत्रे भरताना मी पाहतो. तरी ही रीत गेलेली नाही.

दुसरी चाचणी शुक्रवारी होती. सोमवार ते गुरुवार अशा चार संध्याकाळी आमच्या हातात होत्या. पूर्णांक, परिमेय संख्या, समीकरणे, नफा-तोटा, प्रमाण आणि सरळव्याज असा भाग नेमलेला होता आणि त्यातला बराचसा मागील इयत्तेची उजळणी म्हणून होता. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली की आठ वाजेपर्यंत आम्ही दोघे बैठकीच्या खोलीत बसायचे, असे ठरले.

पहिल्या संध्याकाळी मी तिला पाठ्यपुस्तक उघडू दिले नाही. जुनी उत्तरपत्रिका आणि गृहपाठाच्या वह्या मागितल्या. तिला नवल वाटले. उजळणी म्हणजे धड्यातली उदाहरणे पहिल्यापासून पुन्हा सोडवणे, अशी तिची कल्पना होती. बहुतेक मुलांची तशीच असते. परंतु जी उदाहरणे येतात ती पुन्हा सोडवण्यात वेळ जातो आणि जी येत नाहीत तिथे पोहोचेपर्यंत झोप येते.

ही पद्धत मला बँकेने शिकवली. संगणक येण्यापूर्वी खातेवह्यांतील शिलकांची बेरीज सामान्य खातेवहीतील आकड्याशी जुळवावी लागे. पंधरा-वीस वह्या, शेकडो खाती आणि शेवटी समजा नव्वद रुपयांचा फरक. नवखा कारकून सगळ्या बेरजा पहिल्यापासून पुन्हा करायला बसे. जुना माणूस आधी त्या फरकाकडेच पाहत बसे. फरकाला दोनने भाग जात असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. ती जमेऐवजी नावे पडलेली असण्याचा संभव असतो. फरकाला नऊने भाग जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याची शंका घ्यायची: ४५० चे ५४० झाले की फरक ९०, ३८ चे ८३ झाले की फरक ४५. एखादे शून्य जास्त पडून २५० चे २,५०० झाले तरी फरक २,२५० येतो आणि त्यालाही नऊने भाग जातो. चूक आपला माग ठेवून जाते. तो ओळखता आला की शंभर पाने उलटण्याऐवजी चार पानांत काम भागते.

नातीला मी हे सांगितले तेव्हा तिने लगेच वहीच्या मागच्या पानावर पाच-सहा जोड्या करून पाहिल्या. ७२ आणि २७, ९१ आणि १९, ६४ आणि ४६. दर वेळी नऊ. “असं का होतं, आजोबा?” हा प्रश्न त्या घरात गणिताविषयी कित्येक महिन्यांनी विचारला गेला असावा. मी म्हणालो, “तुमच्या बीजगणिताने सांग.” दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल तर संख्या १०अ + ब, अंक उलटे केले की १०ब + अ. वजाबाकी तिने स्वतः केली आणि ९अ − ९ब आले. तिला ती वजाबाकी यांत्रिकपणे करता येत होती, परंतु ती कशाच्या उपयोगाची आहे हे आजवर कोणी दाखवलेले नव्हते. बँकेतल्या जुन्या लोकांनाही नऊची युक्ती माहीत असे, तिचे कारण क्वचितच कोणाला ठाऊक असे.

मग उत्तरपत्रिका घेतली. बारा गुण गेले होते. कोणत्या प्रकारच्या चुकीने किती गेले, याची आम्ही यादी केली. अधिक-उणे चिन्हांमुळे चार, अपूर्णांकांच्या बेरजेत तीन, नफा-तोट्यात दोन, व्याजाच्या मुदतीत दोन आणि उत्तरापुढे एकक न लिहिल्यामुळे एक. ती यादीकडे बराच वेळ पाहत राहिली. “म्हणजे मला सगळंच येत नाही असं नाही,” असे काहीसे ती पुटपुटली. पाच ठिकाणी दुरुस्ती करायची आहे, एवढाच त्या बारा गुणांचा अर्थ होता.

सर्वांत आधी चिन्हे घेतली. −५ − ३ चे उत्तर तिने +८ लिहिले होते. मी फक्त विचारले, “हे कसं केलंस?” ती म्हणाली, “दोन वजा आले की अधिक होतं ना!” नियम खोटा नव्हता. तो गुणाकाराचा होता आणि तिने तो बेरजेत आणून बसवला होता. अशा चुकीला ‘लक्ष नाही तुझं’ असे म्हणून काहीही साधत नाही, कारण लक्ष पूर्ण होते. मी तिला विचारले, एका गिऱ्हाइकाची दुकानात पाच रुपये उधारी आहे आणि त्याने आणखी तीन रुपयांचा माल उधार नेला, आता त्याची स्थिती काय? “आठ रुपये उधारी,” ती ताबडतोब म्हणाली आणि स्वतःच्या उत्तरपत्रिकेकडे पाहून हसली. मग गुणाकार. पाच-पाच रुपयांच्या उधारीच्या तीन चिठ्ठ्या आपण फाडून टाकल्या, तर ज्याच्या नावे त्या होत्या त्याची स्थिती किती सुधारली? पंधराने. उधारी काढून घेणे म्हणजे देणेच झाले. खात्यात शिलकीपेक्षा जास्त रक्कम उचलली गेली की आम्ही ती लाल शाईने लिहीत असू, हेही तिला सांगितले. तिने लाल पेन आणले आणि त्या संध्याकाळी सगळ्या ऋण संख्या लाल लिहिल्या. परीक्षेत लाल पेन चालत नाही, पण डोळ्यांना सवय लागायला ते पुरे होते.

दुसऱ्या दिवशी अपूर्णांक. १/२ + १/३ = २/५, असे तिने लिहिले होते. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. मी चूक दाखवली नाही. २/५ रुपया म्हणजे किती पैसे, एवढेच विचारले. चाळीस. आणि १/२ रुपया? पन्नास. ती थांबली. “पन्नास पैशांत आणखी काहीतरी मिळवलं आणि चाळीस झाले?” हे वाक्य तिचे तिला सुचले, आणि मी शिकवले असते त्यापेक्षा ते अधिक पक्के बसले. उत्तराकडे एकदा परके होऊन पाहायचे आणि ‘हे संभवते का?’ असे विचारायचे, ही सवय मुलांना शाळेत क्वचितच लागते, वेळ नसतो. घरी लावता येते. दशांश अपूर्णांकांतही हेच. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे, असे सांगणारी मुले पुष्कळ आहेत. पस्तीस पैसे आणि पन्नास पैसे म्हटले की चूक जागच्या जागी कळते. पण आता मुलांच्या हाती पैसे पडतच नाहीत. रुपयाखालचे नाणे व्यवहारातून गेले, दुकानात मोबाइलवर रक्कम वळती होते, आणि दशांशचिन्हाच्या उजवीकडचे अंक मुलांना केवळ पुस्तकात भेटतात. आमच्या पिढीला जे खिशात मिळाले ते यांना कागदावर समजून घ्यावे लागते. त्यांचे काम आपल्यापेक्षा अवघड आहे, हे वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा एकत्र मोजायचे तर दोन्हींचे सारख्या आकाराचे तुकडे हवेत. सहा केले की अर्ध्याचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन, मिळून पाच. लसावि येथे लागतो. मसावि-लसाविचा धडा तिने निराळा शिकला होता आणि अपूर्णांकांचा निराळा. दोहोंच्या मधला दरवाजा बंद होता. यावरून मला महावीराचार्यांची आठवण झाली. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, सुमारे ८५० साली या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ संस्कृतात रचला. लसाविसाठी त्यांनी ‘निरुद्ध’ हा शब्द योजला आहे आणि अपूर्णांकांना समच्छेद करण्यासाठी त्याचा उपयोग सांगितला आहे. अपूर्णांकांचे प्रकरण ‘कलासवर्ण’ या नावाने येते आणि व्याजाचे हिशेब ‘मिश्रक’ व्यवहारात येतात. आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रकाशित केला. त्यातले सर्वच पुढे टिकले असे नाही. शून्याने भागले तर संख्या तशीच राहते, असे त्यांनी म्हटले होते, ते आज कोणी मानत नाही. नातीला ग्रंथाच्या थोरवीपेक्षा ही शेवटची गोष्ट अधिक आवडली. “एवढ्या मोठ्या माणसाचं पण चुकलं?” असे तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तिसऱ्या संध्याकाळी नफा-तोटा काढला आणि तिथे प्रकरण थोडे नाजूक झाले. चाचणीतले उदाहरण असे होते: एक साडी ८०० रुपयांना विकत घेऊन १,००० रुपयांना विकली, तर शेकडा नफा किती? तिने उत्तर लिहिले होते २० टक्के. गुण शून्य. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाबा नेहमी असंच सांगतात. दोनशे सुटले, हजारावर वीस टक्के.” आणि मग हळूच, “बाबांना हे दाखवू नका.” वडिलांनी सांगितलेले बाईंनी चुकीचे ठरवले होते. दोघांतले कोण खोटे, हे ठरवण्यापेक्षा ‘मला गणित येत नाही’ हे म्हणणे तिला सोपे वाटले असावे.

वास्तविक दोघेही बरोबर होते. शाळेच्या पुस्तकात शेकडा नफा खरेदीच्या किमतीवर काढतात; ८०० वर २०० म्हणजे २५ टक्के. दुकानदार दिवसभर विक्रीचा आकडा पाहतो. आज वीस हजारांची विक्री झाली, त्यात आपले किती सुटले, हा त्याचा प्रश्न असतो. म्हणून तो विक्रीवर काढतो आणि तो २० टक्के येतो. आमच्या वाणिज्य शाखेतही ढोबळ नफ्याचे प्रमाण विक्रीवरच काढतात. बँकेत तर ‘मार्जिन’ या शब्दाला तिसराच अर्थ होता: व्यापाऱ्याचा साठा दहा लाखांचा असेल आणि मार्जिन २५ टक्के ठरले असेल, तर साडेसात लाखांपर्यंतच रक्कम उचलता येई. कर्जाच्या अर्जावर बोलताना समोरचा व्यापारी ‘पंचवीस टक्के’ म्हणाला की मी आधी ‘कशावर?’ असे विचारत असे. त्या एका प्रश्नाने पुढचे बरेच गैरसमज वाचत.

रात्री चिरंजीव दुकान बंद करून आले. आल्याबरोबर त्यांचे नेहमीचे वाक्य आले, “बाबा, कशाला एवढं? सुटीत महिनाभर दुकानात बसवू, आपोआप येईल.” मी त्यांच्यापुढे ती उत्तरपत्रिका ठेवली आणि साडीचे उदाहरण वाचायला सांगितले. “वीस टक्के. यात चूक काय?” त्यांचा आवाज चढला. शाळेवर राग निघायला वेळ लागला नसता. मी कागदावर दोन ओळी लिहिल्या: खरेदीवर एक चतुर्थांश म्हणजे विक्रीवर एक पंचमांश, खरेदीवर एक तृतीयांश म्हणजे विक्रीवर एक चतुर्थांश. ते व्यवहारातले गृहस्थ आहेत. दुसरी ओळ वाचून होण्याआधीच त्यांच्या ध्यानात आले. काही वेळ ते गप्प बसले. मग मुलीकडे वळून म्हणाले, “बरं, सोळाशेला घेतलेली पैठणी दोन हजाराला दिली, तर किती टक्के?” ती म्हणाली, “कशावर विचारताय, बाबा?” सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती. चिरंजीव मोठ्याने हसले आणि ‘दोन्ही सांग’ म्हणाले. तिने दोन्ही सांगितले.

त्यानंतर अर्धा तास बाप-लेकीचाच चालला, मला बोलावे लागले नाही. शंभराच्या मालावर वीस टक्के चढवून एकशेवीस किंमत लावली आणि सेलमध्ये वीस टक्के सूट दिली तर शंभर हाती येत नाहीत, शहाण्णव येतात. कारण चढवले शंभराचे वीस टक्के आणि उतरवले एकशेवीसचे. पाच टक्के जीएसटी धरून बिल १,०५० रुपयांचे असेल, तर कर काढण्यासाठी १,०५० चे पाच टक्के धरले तर साडेबावन्न येतात, ते चूक. मूळ किंमत हजार आणि कर पन्नास. हे चिरंजीवांना सवयीने येत होते, पण का ते त्यांनी कधी शब्दांत मांडले नव्हते. मुलीला समजावताना त्यांना ते मांडावे लागले.

सरळव्याजात तिचे दोन गुण मुदतीने खाल्ले होते. १०,००० रुपये, दर ८, मुदत ६ महिने. तिने सूत्रात मुदतीच्या जागी ६ घातले आणि व्याज ४,८०० रुपये काढले. मी म्हणालो, सहा महिन्यांत जवळपास निम्मी रक्कम व्याज म्हणून देणारी बँक सापडली, तर मलाही तिचा पत्ता दे. मग तिला द.सा.द.शे. या अक्षरांचा अर्थ विचारला. ती अक्षरे तिने शंभर वेळा लिहिली होती. ‘दर साल दर शेकडा’ हे मात्र तिला ठाऊक नव्हते. साल म्हटले की सहा महिने म्हणजे अर्धे साल, आणि व्याज ४०० रुपये, हे ओघाने आले. बाजारात ‘दीड रुपया शेकडा’ म्हणतात तो दर महिन्याचा असतो, म्हणजे सालाचा अठरा टक्के, हेही सांगितले. आपल्या मुलांच्या कानावर घरात एक भाषा पडते आणि पुस्तकात दुसरी असते. दोहोंमधला दुभाषा कोणीतरी व्हावे लागते. बँकेचे बचत खात्यावरचे व्याज पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे आणि १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले. हे सांगण्याचा मोह मला आवरला नाही. तिने जांभई दिली.

समीकरणांचे थोडक्यात सांगतो. ३क्ष = १२ यावरून तिने क्ष = ९ काढले होते, कारण ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य तिने पाठ केले होते. माळ्यावरून वडिलांचा दोन पारड्यांचा तराजू काढला. एका पारड्यात सारख्याच वजनाचे तीन पुडे, दुसऱ्यात बारा छोटी वजने. एका पुड्याचे वजन किती? तिने दोन्ही पारड्यांचे तीन-तीन सारखे भाग केले आणि चार आले. जे एका पारड्याला करायचे ते दुसऱ्यालाही करायचे, एवढे कळल्यावर बाजू बदलण्याचा नियम तिला लागला नाही. आजच्या दुकानांत काटे विजेवर चालतात, आकडा समोर उमटतो. माझ्या मते प्रत्येक शाळेने असा एक जुना तराजू वर्गात ठेवावा.

चौथ्या संध्याकाळी नवीन काही शिकवायचे नाही, हे मी आधीच ठरवले होते. दुपारी बसून बारा उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहिली, सगळ्या प्रकारांची सरमिसळ करून, आणि स्टीलच्या डब्यात टाकली. धड्यातल्या उदाहरणसंग्रहात वीस उदाहरणे एकाच जातीची असतात. तिसऱ्यानंतर मूल विचार करणे सोडून देते. परीक्षेत मात्र प्रश्नावर धड्याचे नाव लिहिलेले नसते. म्हणून तिने एकेक चिठ्ठी उचलायची, सोडवायची नाही, फक्त तीन गोष्टी सांगायच्या: काय दिले आहे, काय विचारले आहे आणि उत्तर साधारण केवढे यावे. आठ मजूर एक काम सहा दिवसांत करतात, तर बारा मजूर किती दिवसांत? पहिल्यांदा ती नऊ दिवस म्हणाली, मग चिठ्ठी पुन्हा वाचून, “नाही, माणसं वाढली तर दिवस कमी होतील,” असे म्हणून चारवर आली. अशा तीन-चार जागी ती स्वतः अडखळली आणि स्वतःच सावरली. त्यानंतर पाच उदाहरणे घड्याळ लावून वीस मिनिटांत सोडवली. एकक लिहिले की नाही ते शेवटी बोट ठेवून तपासायचे. कंपासपेटी भरली, पेनात शाई आहे का ते पाहिले आणि नऊ वाजता दिवा घालवला. ‘अजून एकदा सूत्रं म्हणून घेऊ का?’ असे सुनेने विचारले. मी नको म्हणालो. परीक्षेच्या आदल्या रात्री ताणून धरलेले मूल सकाळी बेरजेत चुकते.

आठवड्याने निकाल आला. वीसपैकी पंधरा. पहिला क्रमांक वगैरे काही नाही. वर्गात तिच्या पुढे बरीच मुले होती. घरी आल्यावर तिने उत्तरपत्रिका मला दिली नाही. आधी स्वतः वही घेऊन बसली. गेलेल्या पाच गुणांची यादी तिने केली: एका शाब्दिक उदाहरणात काय विचारले आहे तेच नीट न वाचल्यामुळे तीन, एकक एक आणि चिन्हाचा एक. मग ती यादी वडिलांना दाखवायला दुकानात गेली. दुकानातल्या मालाच्या नोंदवहीत आता टक्क्यांच्या रकान्यावर ‘विक्रीवर’ असा शब्द तिच्या अक्षरात लिहिलेला आहे. चिन्हाची चूक अजून पुरती गेलेली नाही. तिच्यासाठी रोज पाच उदाहरणे करायची ठरली आहेत. पुढच्या घटकात वर्तुळ आहे. परीघ, व्यास, त्रिज्या यांचे काम बँकेत मला कधी पडले नाही, त्यामुळे सध्या दुपारी तिचे पुस्तक माझ्याकडे असते.